एक दात पुढे

४ फेब्रुवारी

खुडबुड्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर माझा राग उतरला तर. खरं म्हणजे फोनच करणार होते, पण फोनवर तू हल्ली इतकं पुटपुटतोस की अर्धं मला अंदाजाने समजून घ्यावं लागतं. तूच असं नाही, सगळेच पुटपुटतात. आईच्या वेळची माणसं निदान तोंड उघडून बोलायची. म्हणून पत्र लिहायला बसले. कागदावर तरी कोणाला पुटपुटता येत नाही.

सोमवारी तुझ्या दुकानात मी जे ओरडले त्याबद्दल लिहायचं आहे. गिऱ्हाईकं उभी होती, तुझी बायको चहाचे कप घेऊन आतल्या दारात आली होती, आणि मी तुला चोर म्हणाले. सख्ख्या भावाला, त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर. तो शब्द माझ्या तोंडून जायला नको होता. तू हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलास. तुझ्या बायकोने ते कप तसेच परत नेले. ती पाठमोरी आत जाताना दिसली, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. घरी पोचेपर्यंत माझा चेहरा शरमेने तापलेला होता. तर त्या शब्दाबद्दल मी माफी मागते. शब्दाबद्दल. मुद्द्याबद्दल नाही.

मुद्दा तोच आहे. बेडकाच्या पोटातली जुनी कॉइल, ज्या तारेच्या वेटोळ्यावर त्याचा सगळा गोडवा, ती तू काढून घेतलीस आणि तिथे दुसरी बसवलीस.

तुला सांगायला नको, तरी सांगते, म्हणजे माझं काय गेलंय ते तुझ्या लक्षात येईल. ते वॉ-वॉ पेडल बाबांनी आणलं तेव्हा मी शाळेत होते. जमिनीवर बसकं बसतं आणि दाबलं की ओरडतं म्हणून तूच त्याला बेडूक म्हणायला लागलास. टाच दाबली की गिटारचा सूर ओठ मिटून हुंकारतो, 'ऊ' करतो. पाऊल पुढे झुकवत चवड्यावर आणलं की तोच सूर तोंड उघडत जातो, 'ओ' होतो, 'आ' होतो, आणि अगदी टोकाला गेलं की हट्टी पोरासारखा 'ऍ' करून किंचाळतो. टाचेपासून चवड्यापर्यंतची ती वाट, एवढीच माझी आयुष्याची कमाई. बोटं काय, बोटं सगळ्यांचीच चालतात. माझं वाजवणं घोट्यात आहे. पावलाखाली जिवंत काहीतरी दबतंय आणि उलट दाबतंय असं वाटलं पाहिजे.

गेली दोन-तीन वर्षं त्याचं वरचं टोक बुजत चाललंय. 'आ'पर्यंत नीट जातं आणि पुढे कोणीतरी तोंडावर उशी दाबल्यासारखं होतं. मी तुझ्याकडे घेऊन येते, तू उघडून खुडबूड करतोस, थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आणि सोमवारी तू मला सांगतोस, "ताई, आता यापुढे जागा नाही." जागा नाही म्हणजे काय? ते पेडल आहे की बसमधलं बाकडं?

आणि तपासताना तू पेडलकडे बघतही नव्हतास. मी स्टुलावर बसून वाजवत होते, तू खाली बसून हाताने पेडल दाबत होतास आणि एकटक माझ्या तोंडाकडे बघत होतास. समोरच्याला कळलं की नाही, असं ज्याला चाचपायचं असतं तोच असा बघतो. मग हळूच म्हणालास, "ताई, जरा आत येतेस का? एक बोलायचंय." आत बोलावून काय कबूल करणार होतास? तिथेच माझं डोकं फिरलं.

तुझा जावई हल्ली ठिकठिकाणी वाजवतो. त्याच्या पेडलचा आवाज अगदी तुमच्या पूर्वीच्यासारखा गोड आहे हो, असं आमच्या बँडमधला कीबोर्डवाला मला कौतुकाने सांगत होता. जुन्या कॉइलवर हल्लीची मुलं जीव टाकतात, हे मलाही माहीत आहे. आता यात न समजण्यासारखं काय आहे?

हे मी कोणाजवळही बोललेले नाही. घरातली गोष्ट घरात. कॉइल परत बसवून दे, विषय संपला.

किटलीची शिट्टीही बिघडली आहे. काल पाणी आटून बूड जळलं, वास आला तेव्हा कळलं. घरातल्या सगळ्या वस्तूंनी एकदमच मान टाकलेली दिसते.

आशीर्वाद.
ताई


१३ फेब्रुवारी

खुडबुड्या,

तुझं उत्तर आलं नाही. मीही तुझ्या जागी असते तर दिलं नसतं.

कॉइलचा विषय माझ्याकडून संपला आहे. का संपला ते विचारू नकोस. ताईला उपरती झाली असं समज आणि सोडून दे. आपण तो विषय पुन्हा काढायचा नाही, तूही नाही आणि मीही नाही.

पेडल मी या आठवड्यात टेबलावर काढून ठेवलं होतं. म्हणजे पुसायला. वरच्या रबरावर माझ्या पावलाचा खळगा पडलाय, टाचेपाशी उथळ आणि अंगठ्यापाशी खोल. तो बघत असताना आपलं जुन्या घरातलं स्टूल आठवलं. गिटार मांडीत मावावी म्हणून बाबा मला त्या उंच स्टुलावर बसवायचे आणि मग माझे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. मी रडकुंडीला यायचे. तेव्हा तू खाली फतकल मारून बसायचास आणि दोन्ही हातांनी पेडल दाबायचास. वाजवताना तोंड उघडायची-मिटायची माझी खोड तेव्हाची. मी ओठ उघडले की तू दाबायचास, मिटले की सोडायचास. पेडलकडे तुझं लक्षच नसायचं. एकदा मला मध्येच शिंक आली तर तू तीही वाजवलीस. बाबा म्हणायचे, या दोघांचं मिळून एक माणूस होतं.

आणखी एक आठवलं, सहज. ती कॉइल एकदा बुडापासून सैल होऊन हलायला लागली होती आणि घरात गोंद नव्हता. मग मी आईची लाल नेलपॉलिशची बाटली पळवली आणि कॉइलच्या बुडाशी एक मोठा थेंब सोडला. आई आठवडाभर ती बाटली शोधत होती. तुला आठवतो का तो थेंब? उगीच विचारलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कोणाजवळ बोलले नाही. कीबोर्डवाल्याजवळ एकदा ओघात बोलले होते. तो पोटात ठेवणारा माणूस आहे. आणि तो वाद्यांच्या दुकानाचा मालक, जो तुझ्याकडे दुरुस्त्या पाठवतो, तो भेटलाच तर त्याच्याशी माझ्याविषयी काही बोलत बसू नकोस. त्याला नसती उठाठेव करायची सवय आहे.

बाकी ठीक. पेडल आता बरं वाजतंय.

ताई


१ मार्च

खुडबुड्या,

पेडल बरं वाजतंय असं मी लिहिलं ते खोटं होतं. या पत्रात असं बरंच खोटं बाहेर येईल, तेव्हा बसून वाच. तुझ्या बायकोलाही वाचून दाखव. तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

काल शनिवार, म्हणजे आमचा हॉटेलातला नाच. तळघरातला तो लाकडी फरशीचा हॉल तू बघितला आहेस. येणारी बहुतेक जोडपी माझ्यापेक्षा मोठी, हळूहळू गिरक्या घेणारी. आम्ही चौघं वाजवतो आणि मागे टेबलाशी बसून साउंडवाला सगळ्यांचे आवाज सांभाळतो. काल तो रजेवर होता, त्याच्या जागी बदलीचा माणूस होता.

एक संथ गाणं आहे, त्यात मी पेडल हलवत नाही, मध्ये कुठेतरी तसंच अडकवून ठेवते. अर्धवट तोंड उघडून कोणी बोलावं तसा आवाज येतो. ती जागा घोट्याने शोधायची असते, अगदी केसभर इकडेतिकडे. काल ती सापडेना. मी पाऊल पुढे पुढे झुकवत गेले, आणि अगदी टोकाशी आल्यावर कुठे जरा हवा तसा मऊ आवाज आला. मला बरं वाटलं. मी डोळे मिटून वाजवायला लागले.

डोळे उघडले तेव्हा फरशी निम्मी रिकामी होती. जी जोडपी उरली होती ती आमच्यापासून लांब, दाराशी जाऊन नाचत होती. एका बाईंनी तळहाताने कान झाकला होता. एक आजोबा कानातलं यंत्र काढून खिशात टाकताना मी स्वतः बघितले. तेवढ्यात कीबोर्डवाल्याने एका हाताने वाजवत दुसरा हात लांब केला आणि माझ्या अॅम्पचं बटण शून्यावर आणलं. सगळ्यांसमोर. मी दोन ओळी तशाच वाजवल्या, आवाजाशिवाय, आणि कोणाचंही काही अडलं नाही.

मध्यंतरात मी त्याला स्वयंपाकघराच्या बोळात गाठलं.

"माझ्या अॅम्पला हात लावायची हिंमत कशी झाली तुमची?"

त्याने कानात बोट घातलं आणि कापसाचा बोळा काढून माझ्यासमोर धरला. "हिमतीचं राहू द्या, बाई. दोन वर्षं हे घालून वाजवतोय मी. फक्त तुमच्या बाजूच्या कानात."

"कशासाठी?"

"आवाज सहन होत नाही म्हणून. एरवी साउंडवाला तुमचा वरचा आवाज मागून कापतो, म्हणून लोकांना त्रास होत नाही. आजच्या माणसाला हे माहीत नव्हतं. सांगायचं राहिलं, चूक आमची."

"आणि हे मला कोणी सांगितलं का नाही?"

त्याने कापूस बोटांत चोळला. "तुमचा भाऊ येऊन गेला होता आमच्याकडे. म्हणाला, तिला मी सांगतो, माझी बहीण आहे, माझ्या पद्धतीने सांगतो. तोवर तिला सांभाळून घ्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेडलला काही झालेलं नाही, बाई."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा भाग मी पेडल न लावता वाजवला आणि एकदाही मान वर केली नाही.

आता बाकीचं सांगते.

तुला पहिलं पत्र टाकल्यावर दोन-चार दिवसांत मी बेडकाचं बूड उघडलं. तुझ्याविरुद्ध पुरावा हवा होता मला. चार स्क्रू काढले आणि आत बघितलं. कॉइल जागच्या जागी होती. तिच्या बुडाशी लाल थेंब, काळपट पडलेला पण तोच, माझ्या हातचा. त्याला कोणी नखसुद्धा लावलेलं नव्हतं. मी स्क्रू परत लावले, हात धुतले आणि तुला ते उपरतीचं पत्र लिहिलं. म्हणे सहज आठवलं.

मी फक्त कीबोर्डवाल्याजवळ बोलले नव्हते. बँडमधल्या सगळ्यांना सांगितलं, शिकायला येणाऱ्यांना सांगितलं. आणि वाद्यांच्या दुकानात तर तुझ्याकडून तशीच तडक गेले आणि मालकाला म्हणाले, माझ्या भावाकडे वस्तू पाठवू नका, तो आतले भाग बदलतो. माझा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते, असंही वर म्हणाले. म्हणजे खरं वाटावं. त्यानंतर त्याच्याकडून तुझ्याकडे एकही काम आलं नसेल. ती माझी करामत.

आणि लाल थेंब बघितल्यावर तरी मी त्याच्याकडे धावत जायला हवं होतं ना? नाही गेले. रस्त्यात तो दिसला तेव्हा पलीकडच्या बाजूला गेले. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं, ते एकवेळ मी स्वतःला माफ करेन. पण तू चोर नाहीस हे डोळ्यांनी बघून मी तुला चोर राहू दिलं. कारण कॉइल जागेवर असेल तर मग आवाज कुठे गेला, हा प्रश्न उरत होता, आणि त्याचं उत्तर मला नको होतं. तू चोर असलास तर माझं सगळं ठीक होतं.

किटलीची शिट्टी शेजारच्या बाईंना ऐकू येते. आज सकाळी मुद्दाम जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, ती वाजत राहते तेव्हा आम्हाला वाटतं तुम्ही बाहेर गेला आहात.

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही.

ताई


११ मार्च

खुडबुड्या,

तू अजून गप्प आहेस. गप्प रहा, तो तुझा हक्क आहे. मी मात्र लिहीत राहणार, कारण अर्धवट कबुली देऊन थांबले तर मी पुन्हा स्वतःवर खूश व्हायला लागेन. मला मी ओळखते.

वाद्यांच्या दुकानात जाऊन आले. मालक गिऱ्हाइकाला तारा दाखवत होता, मी म्हटलं, ते असू द्या, आधी माझं ऐका. कॉइल जुनीच आहे, माझ्या भावाने काहीही बदललेलं नाही, मी खोटं बोलले. तो म्हणाला, "गैरसमज झाला असेल, होतं असं." मला तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण मी म्हटलं, "गैरसमज पहिल्या दिवशी होता. नंतर मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसले." त्याने माझ्याकडे असं बघितलं की तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. निघताना त्याने काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही आणि परत विचारायचं धैर्यही झालं नाही. तुझ्याकडे काम आलं तर समज की चांगलं काहीतरी म्हणाला असेल.

शिकायला येणाऱ्यांनाही एकेकाला सांगितलं. एक मुलगी म्हणाली, आम्हाला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं. म्हणजे तुझ्याबद्दल माझ्या विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

कान तपासून आले. तिथलं सांगते आणि मग तू हसलास तरी चालेल. बारीकशी खोली, भिंतींना जाड गाद्या, कानावर मोठे हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई यंत्रावर बसलेल्या. सुरुवातीला खालचे सूर, ते सगळे आले, मी पटापट दाबत होते. मग मध्ये बराच वेळ काही येईना. तेवढ्यात लक्षात आलं की आवाज सोडताना त्या बाईंचं कोपर किंचित हलतं. मग काय, मी कोपर बघून बटण दाबायला लागले.

एवढी साठीची बाई, आणि परीक्षेत शेजारच्या बाकावर बघून लिहावं तशी कॉपी करत होते. आणि कोणाला फसवत होते? फसवणारी मी आणि फसणारीही मीच. तरी दाबत राहिले. प्रत्येक वेळी दाबलं की क्षणभर बरं वाटायचं, बघा, आलं ऐकू.

त्या बाई चांगल्या होत्या. आत आल्या, हसल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडे वळवून गेल्या. असं करणारी मी पहिली नसणार. मग मी त्या गादीच्या भिंतीकडे बघत बटणावर अंगठा ठेवून बसले, पुढचा आवाज येईल म्हणून. बसले, बसले. शेवटी दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, झालं. मला वाटत होतं अजून सुरू व्हायचंय.

वरचे सूर दोन्ही कानांतून गेलेत. इतकी वर्षं डोक्याशेजारी अॅम्प ठेवून वाजवल्यावर असं होतं, असं त्या म्हणाल्या. यंत्राने बोलणं बरंच सुधारेल, लोक पुटपुटायचे थांबतील. पण गेलेला आवाज होता तसा परत येत नाही. मी विचारलं, हे एकदम झालं का? म्हणाल्या, नाही, फार हळूहळू होतं, म्हणून ज्याचं जातं त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

बाहेर आल्यावर मला तुझी खूप आठवण आली. हे सगळं सांगायला पहिला तूच हवा होतास, आणि तुझ्याकडे यायचे पाय मीच तोडून ठेवले होते. मी कोपऱ्यावर उभी राहून थोडी रडले आणि मग बसने घरी आले.

बेडूक कपाटात ठेवून दिलाय. या शनिवारी त्याच्याशिवाय वाजवेन. पुढचं माहीत नाही.

ताई


२० मार्च

खुडबुड्या,

तुझं पत्र आलं. इतकी वर्षं आपण एकाच गावात राहतो, तुझं हे मला आलेलं पहिलंच पत्र. अक्षर अजून तस्संच गचाळ आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. तुझीच वाक्यं तुला परत लिहून पाठवते, म्हणजे मी ती नीट ऐकली हे तुला कळेल.

"ताई, पेडल पुढे जायचं तरी तुझं तोंड 'आ'वरच थांबायला लागलं होतं. तेव्हाच मला समजलं. तुला सांगायला चार वेळा तोंड उघडलं, पण तुझा चेहरा बघितला की धीर व्हायचा नाही. मग दर वेळी पेडलच्या आतलं दातेरी चाक एक दात पुढे बसवून द्यायचो, म्हणजे टोक आणखी चिरकं व्हायचं आणि तुला थोडं तरी ऐकू यायचं. तू खूश होऊन जायचीस. आता यापुढे दात सरकवला तर पेडल खाली टेकणार नाही, स्विचच लागणार नाही, म्हणून त्या दिवशी आत ये म्हणालो. मी आधीच सांगायला हवं होतं. लोकांच्या कानांना त्रास झाला तो माझ्यामुळेही. पेडल घेऊन ये, दात मागे घेतो. वाद्यवाल्याकडून दोन अॅम्प आलेत. चहा घेतल्याशिवाय सोडायचं नाही, असं ही म्हणते."

मी काय लिहू? मी तुला म्हणाले की चोरच असं तोंडाकडे बघतो. आणि तू लहानपणापासून जसा बघत होतास तसाच बघत होतास. मी विसरले, तू विसरला नाहीस.

चूक तुझीही आहे असं तू लिहिलंस ते मी खोडून टाकणार होते. मग वाटलं, राहू दे, थोडी तुझ्याकडे असू दे. सगळी मला उचलवत नाही.

तर सोमवारी येते. त्याच वेळेला, गिऱ्हाईकं असतात तेव्हा. मला बघून आत बोलवायचं नाहीस, कळलं का? चोर ज्या आवाजात म्हणाले त्याच आवाजात मला माफी मागायची आहे, आणि तुझ्या बायकोला म्हणावं, कप घेऊन दारातच उभी रहा. माझा आवाज जरा जास्तच मोठा लागेल, मला हल्ली अंदाज येत नाही, तेवढं समजून घ्या.

मग बेडकाचं काम. दात मागे घ्यायचा म्हणजे अर्धामुर्धा नाही, बाबांनी लावला होता तिथे आणायचा. ऐकणाऱ्यांना गोड लागेल तिथे. 'आ'च्या पुढे माझ्यापुरता तो मुका होणार, हे मला माहीत आहे. साउंडवाल्याशी मी बोलले, यापुढे माझ्या पाठीमागे काही कापायचं नाही, टोचायला लागलं की सरळ हात वर करायचा. तो म्हणाला, "बाई, दोन वर्षं हात वर करायची वाट बघतोय." सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन पुन्हा लाज वाटली. ती इतक्यात जाणार नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

शनिवारी बेडकाशिवाय वाजवलं. बरं झालं, असं सगळे म्हणाले. पण माझा पाय प्रत्येक गाण्यात रिकाम्या फरशीवर टाच-चवडा करत होता. पायाला अजून सगळी वाट पाठ आहे, अगदी टोकापर्यंत. म्हणून तुझ्याकडे एक मागायचं आहे.

जुन्या घरातलं ते उंच स्टूल तुझ्याकडेच आहे, ते बाहेर काढ. दात बसवून झाला की मी त्यावर बसेन, पाय वर घेईन, आणि तू गिऱ्हाइकांदेखत खाली फतकल मारायची. गुडघे दुखतात वगैरे मला सांगू नकोस. हाताने पेडल दाबायचं, हळूहळू, पार टोकापर्यंत. फक्त या वेळी माझ्या तोंडाकडे बघून दाबू नकोस, तुझ्या कानाला खरं वाटेल तसं दाब. मी तुझ्या हाताकडे बघेन, आणि माझं ऐकणं जिथे थांबेल तिथे तोंड थांबवणार नाही. तुझा हात जिथवर जाईल तिथवर ते उघडत नेईन.

तुला आणि तुझ्या बायकोला अनेक आशीर्वाद. मागचे थकलेले धरून.

ताई

ता. क. नवी किटली आणली. पाणी उकळलं की तिचा दिवा लागतो.